खूण आधी, सुई नंतर

सोमवार, १२ जानेवारी

ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन करायचा नाही असं मी ठरवलंय. फोनवर तू जिंकतेस. मी एक वाक्य बोलायला घेते, तू मधेच म्हणतेस, "हं, कळलं, पुढे बोल," आणि माझं पुढचं सगळं पळून जातं. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. सहावीपर्यंत शिकलेय, तेवढं लिहिता येतं. जोडाक्षरं चुकली तर हस, मला ऐकू येणार नाही.

आधी अभिनंदन. आरोग्य केंद्राच्या फाटकाशी तुझा फोटो लागलाय. माणसाएवढा. खाली लिहिलंय, गोवराची मोहीम, आपला विभाग शंभर टक्के, राज्यात पहिला. तू हसतेयस. दात छान आलेत. आमचे हे रोज सकाळी लसीच्या पेट्यांची गाडी त्या फोटोखालीच लावतात. सावली असते म्हणे तिथे. जानेवारीत कसली सावली लागते यांना?

मोहिमेला तू आठ दिवस इथे होतीस. आठ दिवसांत माझ्याकडे एकदा जेवलीस. तेही उभ्याउभ्या, अर्धं ताट टाकून, एका हातात फोन. बाकी सात दिवस डॉक्टरांकडे. त्यांच्या बायकोने मला दुकानात गाठून सांगितलं, "तुमच्या ताई किती साध्या हो, स्वतःचं ताट स्वतः घासतात." मी म्हटलं, हो का? माझ्या घरी तर घासलं नाही.

चिंगी बरी आहे. दोन दात वर, चार खाली. साडेनऊ महिन्यांची झाली. तिला सुई दिली का, असं तू ह्यांना विचारलंस म्हणे. मला नाही विचारलंस. मी तिची आई आहे, पण विचारायचं ते गाडीवाल्याला. ह्यांनी सांगितलं असेलच. कार्ड भरलेलं आहे. आठ तारीख टाकलीय, खाली सही आहे.

बस, एवढंच. फोटो छान आहे.

तुझी,
धाकटी

सोमवार, २ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. "वेडाबाई, तुझं काय बिनसलंय? कामात आहे. चिंगीला पापा." वर शिक्का राज्याच्या आरोग्य खात्याचा. माझ्यासाठी एक साधा कागद मिळाला नाही तुला?

काय बिनसलंय ते सांगते, आता विचारलंच आहेस तर.

हे आपल्या घरी आधी तुझ्यासाठी यायचे. ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही. तू नवीन नवीन नोकरीला लागलीस तेव्हा तुझी गाडी हेच चालवायचे. तुला सोडायला यायचे आणि पाणी मागायचे. पाणी मी द्यायचे. दोन वर्षं पाणी दिलं मी. तू एकदा म्हणालीस, "मला नाही बाई लग्नबिग्न करायचं, मला पुढची परीक्षा द्यायचीय," आणि तिसऱ्या महिन्यात ह्यांनी मला विचारलं. माणूस चांगला आहे. माझ्यावर हात उचलत नाहीत, पोरीला खेळवतात, दारूच्या वाटेला जात नाहीत. पण अजून घरात तुला मॅडम म्हणतात. "मॅडम म्हणाल्या भाजी उकळून खा." "मॅडम म्हणाल्या पाणी झाकून ठेव." मी तेच सांगितलं तर हूं म्हणायचं आणि पेपर वाचायचा.

आणि शाळा. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आपल्या दोघींतली एकच घरी राहू शकत होती म्हणे. मीच का, हे कुणी सांगितलं नाही. तू हुशार होतीस. मीसुद्धा नापास नव्हते झाले कधी.

आता मोहिमेच्या दिवसाचं. मी आले होते, तुला माहीत नसेल. शाळेच्या मैदानावर रांगेत उभी होते, चिंगीला कडेवर घेऊन, ऊन डोक्यावर. माझ्यापुढे शंभर तरी बाया. रांग हलेना. तेवढ्यात तू टेबलामागून उठून ओरडलीस, "असं नाही चालणार! खूण आधी, कार्ड आधी, सुई नंतर! पाच वाजता राज्याला आकडा द्यायचाय!" लगेच ती खूणवाली पोरगी पेन घेऊन रांगेत फिरायला लागली. प्रत्येक पोराचा डावा अंगठा धरायचा, नखावर काळी शाई फासायची, तुझी आधीच सही असलेल्या कार्डावर तारीख टाकायची, बरोबरची खूण करायची आणि पुढे. रांग भराभरा सरकली. सगळ्या म्हणाल्या, मॅडमचं डोकं बघा. चिंगीलाही खूण झाली. ती शाई बघून खदखदून हसली.

मग आम्ही टेबलाजवळ आलो. पुढे दोघीजणीच होत्या. हे तुझ्या खुर्चीशी वाकून काहीतरी सांगत होते आणि तू हसत होतीस. डोकं मागे टाकून. ते पण हसत होते. माझ्याबरोबर असे कधी हसतात? मी आठवून बघितलं, आठवलं नाही. आणि चिंगीने तुला बघितलं. साडेनऊ महिन्यांत तिने तुला दोनदा बघितलंय, ताई. दोनदा. आणि माझ्या कडेवरून असं अंग टाकलं तुझ्याकडे, दोन्ही हात पुढे, की सावरून धरताना तिला माझी नखं लागली.

मग आम्ही घरी आलो.

चिंगीच्या नखावरची शाई मी साबणाने घासली, तेलाने घासली, नाही गेली. नखाबरोबर वर वर सरकत गेली. परवा शेवटचं टोक कापलं. आता अंगठा स्वच्छ आहे.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. पाठवलंस तर साध्या कागदावर पाठव.

धाकटी

बुधवार, १८ मार्च, दुपारी

ताई,

हे पत्र पहिल्यासारखं नाही. नीट वाच. दोनदा वाच.

तुझा फोन सकाळपासून बंद येतोय. ह्यांनाही लावून बघायला सांगितलं, का ते सांगितलं नाही. ते म्हणाले, राजधानीत तीन दिवस बैठक आहे, फोन दाराशीच काढून घेतात. उद्या पहाटे हे पेट्या भरायला तिथल्याच गोदामावर येणार आहेत. हे पत्र त्यांच्या हातात देते.

आमच्या खालच्या खोलीत शिलाईवाली वहिनी राहते. तिची धाकटी तीन वर्षांची. मोहीम झाली तेव्हा ती आजीकडे होती, रविवारी परत आली. सोमवारी दुपारी वहिनी म्हणाली, "जरा बघतेस का हिला? कपडे द्यायला जाऊन येते. नाक वाहतंय जरा, बाकी काही नाही." मी ठेवून घेतली. दोघींना एका सतरंजीवर बसवलं. एक तास. चिंगीने तिच्या तोंडातलं बिस्कीट काढून स्वतःच्या तोंडात घातलं. मी हसले.

आज सकाळी त्या पोरीच्या कानामागे लाल पुरळ. दहापर्यंत तोंडावर, गळ्यावर. डोळे सुजलेले. डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, गोवर. पोरीला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवली, छातीत घरघर होती. जाताना वहिनी जिन्यात माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "बरं झालं बाई तुझी चिंगी टोचलेली आहे. नाहीतर मला तोंड दाखवायला जागा नव्हती."

ताई, चिंगी टोचलेली नाही.

आता कळलं? मी टेबलापर्यंत आले आणि मागे फिरले. खूण झाली होती, कार्ड झालं होतं, मधे फक्त सुई राहिली होती. मला तुझ्या हाताने ती सुई नको होती. तू तिचा दंड धरशील, ती तुझ्याकडे बघून हसेल आणि सगळे म्हणतील मॅडमकडे बघा पोर कसं राहतं. हे मला नको होतं. दुसरं कारण नाही. मी शोधलं, अडीच महिने शोधलं. नाही सापडलं.

नवव्या महिन्यातली तिची नेहमीची सुई तापामुळे राहिली होती. ती मोहिमेत घेऊ म्हटलं होतं. आणि मोहिमेनंतर कार्ड भरलेलं, म्हणून कुणी विचारायलाच आलं नाही. घरोघर फिरणाऱ्या बाई दोनदा आल्या, कार्ड बघितलं, "शाब्बास" म्हणाल्या आणि गेल्या. शाब्बास, ताई. त्या गेल्या की मी दार लावून घ्यायचे.

आज अकरा वाजता मी तिला घेऊन केंद्रात गेले. कारकुनाला सांगितलं, हिला सुई दिलेली नाही, द्या.

तो म्हणाला, "कार्डावर आहे."

"कार्डावर आहे, पोरीत नाही."

"बाई, भीती वाटते सगळ्यांना. घरी जा. शेजारी गोवर निघाला की प्रत्येक आई म्हणते परत द्या."

"अहो परत नाही, पहिल्यांदा द्या!"

त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. चिंगीच्या नावापुढे हिरवी खूण. "राज्याच्या आकड्यात तुमची मुलगी झालेली आहे. झालेलं पोर न झालेलं करायचं तर ज्यांची सही आहे त्यांनीच करायला हवं." सही तुझी आहे.

मग नर्सताई म्हणाल्या, गोवराची बाटली दहा पोरांची असते. एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. आमच्याकडे ती महिन्यातून एकाच दिवशी उघडतात, पुढचा दिवस एक तारीख. आणि मोहिमेतल्या उरलेल्या बाटल्या राज्याच्या गोदामात परत गेल्या. एका पोरीसाठी, तेही कार्ड भरलेल्या, कोण मागवणार? डॉक्टर त्या पोरीबरोबर दवाखान्यात गेलेले. नर्सताई वाईट नाहीत. त्यांनीच हळूच सांगितलं, "संसर्ग झाल्यापासून तीन दिवसांच्या आत सुई मिळाली तर उपयोग होऊ शकतो. नंतर फक्त वाट बघायची."

सोमवारी दुपारी दोन वाजता ती पोर माझ्या खोलीत आली. मी बोटांवर मोजलं. उद्या गुरुवार, दुपारी दोन.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ह्यांना सांगितलं.

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले, बूट तसेच पायात. म्हणाले, "मी पेट्या वाहतो, अगं. चार जिल्ह्यांच्या पोरांना पोचवतो. बर्फ वितळेल म्हणून जेवायला गाडी थांबवत नाही. आणि माझ्या घरात..." चिंगी त्यांच्या बुटाच्या नाडीशी खेळत होती.

नंतर म्हणाले, "मॅडमना मी सांगतो उद्या. तू लिहीत बसू नकोस."

मी म्हटलं, "नाही. हे पत्र द्या. माझ्या चुकीची बातमीसुद्धा तिला तुम्हीच द्यायची?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं पहिल्यांदाच बघतायत. म्हणाले, "त्यासाठी? तू माझ्यासाठी तिथून निघून आलीस?"

मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही, फार चढून जाऊ नका.

ताई, मी हात जोडत नाही. हात जोडले तर तू मोठी होशील. मी फक्त सांगतेय. बाटली पाठव. तुझा शंभराचा आकडा मोडेल, फोटो उतरेल, ते मला ठाऊक आहे. दोन महिने मला तेच हवं होतं, तो फोटो उतरायला हवा होता. आज तो मेला फोटो जन्मभर तिथे राहू दे, मी रोज पुसून देते. पण बाटली पाठव.

तिचं अंग आत्ता गार आहे. मी दर थोड्या वेळाने बघते.

रविवार, २२ मार्च

ताई,

तू गेल्यावर तीन दिवस मी नुसती बसून आहे. आज लिहिते.

मला वाटलं होतं ह्यांच्या गाडीतून बाटली येईल. तू येशील असं वाटलं नव्हतं. पावणेबाराला गाडी थांबली, पुढच्या दारातून तू उतरलीस, छातीशी लसीची निळी पेटी. एका पायात चप्पल नीट नव्हती. बैठकीतून तशीच उठून आलीस, हे ह्यांनी नंतर सांगितलं. चिठ्ठी आत पाठवली, तू बाहेर येऊन पत्र उभ्याने वाचलंस, पुन्हा वाचलंस आणि म्हणालीस, "गाडी काढा." वाटेत एक अक्षर बोलली नाहीस म्हणे. तीन तास. तू गप्प बसू शकतेस हे मला माहीतच नव्हतं.

जिना चढून आलीस. हात धुतलेस, चिंगीचा दंड पुसलास. मी वाट बघत होते, आता ही मला टोचेल. तू मला म्हणालीस, "मांडीवर तूच धर. घट्ट. तोंड तुझ्याकडे." ती सुई लागल्यावर रडली ते माझ्याच गळ्यात रडली. बारा वाजून दहा मिनिटं. मी घड्याळ बघितलं.

मग तू विचारलंस, "का निघून गेलीस, ते पत्रात वाचलं. पण आम्ही हसत होतो म्हणतेस, ते कधी?"

मी म्हटलं, टेबलाशी. हे वाकून बोलत होते तेव्हा.

तू आठवलंस. म्हणालीस, "अगं, तो मला सांगत होता, गाडीचा हॉर्न अडकलाय आणि तो वाजवत वाजवतच तीन गावं पार करून आलाय."

एवढंच होतं? हॉर्न? काही मोठं असतं तर बरं झालं असतं. निदान एवढ्यासाठी केलं असं म्हणता आलं असतं.

तू म्हणालीस, "माझा राग होता तर मला चार शिव्या घालायच्यास. पोरीचा दंड कशाला झाकलास?" आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला उलट बोलता आलं असतं.

पण मी हे लिहायला बसले नव्हते. मी गल्लीतलं लिहायला बसलेय.

बाटलीत नऊ डोस उरले होते आणि चार तास. तू खाली गेलीस. मला वाटलं केंद्रात जाशील. तू शिलाईवाल्या वहिनीचं स्टूल बाहेर ओढलंस, वर चढलीस आणि ओरडलीस. बाया गॅलऱ्यांत आल्या. तू म्हणालीस, "मोहिमेच्या दिवशी खूण आधी लावायला मी सांगितलं. ती चूक माझी आहे. ज्यांना खूण झाली आणि सुई झाली नाही त्यांनी खाली या. कुणाला काही विचारणार नाही."

कुणी हललं नाही. सगळ्या एकमेकींकडे बघतायत. कोपऱ्यावरची दूधवाली म्हणाली, "असं कोण असेल हो मॅडम? कार्डं आहेत की सगळ्यांची." मला कळलं कुणी येणार नाही. तुझ्यासाठी कोण खोटं ठरायला येईल? तुझ्यासमोर तर कुणीच नाही.

मग मी बोलले. चिंगी कडेवर, तिच्या दंडाला कापूस. म्हटलं, "मी. माझी पोरगी. अडीच महिने खोटं बोलतेय मी, आत्ता सुई दिली." आवाज इतका बारीक निघाला की दूधवाली म्हणाली, "काय? काय म्हणते ही?" मला तेच परत मोठ्याने सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त लाज वाटते, तुला माहीत आहे?

मग तिसऱ्या मजल्यावरची खाली आली. तिची जुळी आहेत. एकाला सुई दिली तेव्हा ते निळं पडेपर्यंत रडलं म्हणून दुसऱ्याला घेऊन ती पळाली होती, खूण घेऊन. मग बेकरीवाल्याची सून. तिच्या सासूने मागून तिच्या पाठीत धपाटा घातला, "मला का नाही सांगितलंस गं?" ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ऊन फार आहे, चल घरी!" सगळी गल्ली हसली. मग रिक्षावाला आला, पोराला खांद्यावर घेऊन, बायकोला न सांगता. चिंगी धरून चार झाली. मग तू पलीकडच्या गल्लीत गेलीस आणि तिथेही सापडली. बाटली पुरली नाही, ह्यांना पेटीतली दुसरी काढावी लागली.

आता खरं सांगते, रागावू नकोस. संध्याकाळी सगळ्या बाया म्हणत होत्या, मॅडम किती प्रामाणिक, भर चौकात चूक कबूल केली. मॅडम, मॅडम. आधी मी बोलले होते, ताई. तू स्टुलावर होतीस म्हणून तू दिसलीस. लाज माझी गेली आणि नाव पुन्हा तुझं झालं. मला हे अजून खुपतंय. पोर वाचावी म्हणून एका डोळ्याने रडतेय आणि दुसऱ्या डोळ्याने हे बघतेय. मी अशीच आहे.

शुक्रवारी सकाळी तुझा फोटो उतरवला. दोन माणसं शिडी घेऊन आली होती. मी उभी राहून बघितलं. मला आनंद होईल असं वाटलं होतं. थोडा झाला. फार नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल

ताई,

दोघी एका सतरंजीवर बसल्यापासून आज अठरावा दिवस. डॉक्टरांनी अठरा दिवस बघायला सांगितलं होतं.

आधी मधलं सांगते. सुई दिल्यापासून नवव्या दिवशी चिंगीला ताप आला. पोटावर पाच-सहा बारीक लाल ठिपके. मी ते मोजले, मग पुन्हा मोजले, सात भरले. मी तिला उचलून अनवाणी केंद्रात गेले. वाटेत मला कुठलीच प्रार्थना धड आठवेना, मी नुसतं "नको, नको" म्हणत होते. डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, तोंडात बघितलं, कानामागे बघितलं. म्हणाले, हा सुईचा ताप आहे, आजार नाही, दोन दिवसांत जाईल. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. तीन दिवस तिच्या कानामागे बघत बसले. गेला ताप. ठिपकेही गेले. आज सकाळी ती भिंत धरून उभी राहिली आणि शिलाईवाल्या वहिनीच्या पोरीला बघून ओरडली. ती पोर परवा घरी आली. हात काड्यांसारखे झालेत, पण खाते. वहिनी माझ्याशी बोलत नाही. माझी पोर तिच्या पोरीमुळे मरू शकली असती, हे तिला सहन होत नाही, आणि मी तिला जिन्यात खरं सांगितलं नाही, हेही. बोलेल कधीतरी.

आता चौकशीचं.

तुझी चौकशी लागलीय हे आईने फोनवर सांगितलं. आई रडत होती. म्हणाली, "तुझ्याकडे माणसं येतील जबाब घ्यायला. तू एवढंच सांग, मी घाबरून पळाले, ताईचा काही संबंध नाही. तिची नोकरी राहील. तुझं काय जाणार आहे?" माझं काय जाणार आहे. माझ्याजवळ काय आहे, असंच ना. मी फोन ठेवला आणि दोन दिवस मनातल्या मनात जबाब रचले. एकात सगळं माझ्यावर घेतलं. दुसऱ्यात सगळं तुझ्यावर ढकललं. दुसरा जास्त छान जमला होता, खोटं नाही बोलत. तो म्हणताना माझं अक्षरही अडखळत नव्हतं. ह्यांना विचारलं काय सांगू. हे म्हणाले, "तुझी बहीण आहे, तुझी पोरगी आहे. मी गाडी चालवतो." पहिल्यांदा तुला मॅडम म्हणाले नाहीत.

काल दोघे आले, एक साहेब आणि एक बाई. बाईंकडे छापील कागद. मी खुर्च्या दिल्या आणि स्वतः जमिनीवर बसले, चिंगी मांडीवर.

साहेबांनी विचारलं, "खूण सुईच्या आधी लावा, हा आदेश कोणी दिला?"

मी म्हटलं, "माझ्या ताईने. मी माझ्या कानाने ऐकलं."

बाईंनी लिहिलं. तुझं नाव त्यांनी पूर्ण लिहिलं, हुद्द्यासकट.

साहेब म्हणाले, "म्हणजे त्या पद्धतीमुळे तुमचं बाळ राहिलं."

मी म्हटलं, "नाही. पद्धत तिची चुकली. पण त्या रांगेत शंभर बाया होत्या आणि बहुतेकींनी सुई घेऊनच पाय काढला. राहिलं ते माझ्यामुळे. हेही लिहा."

"कारण?"

बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. त्यावर कारणं छापलेली होती, एकाखाली एक, प्रत्येकापुढे चौकोन. बाळ आजारी. परगावी. सुईच्या परिणामांची भीती. घरच्यांचा नकार. माहिती नव्हती. बाई म्हणाल्या, "भीतीवर खूण करू का? बहुतेक तेच असतं."

मी म्हटलं, "यात माझं नाही."

"मग काय होतं?"

"मी जळत होते."

साहेबांनी वर बघितलं. "कशावर?"

"बहिणीवर. ती टेबलाशी बसली होती, म्हणून."

बाई म्हणाल्या, "अहो, असा रकाना नाही आमच्याकडे."

"शेवटी 'इतर' आहे ना. त्यात लिहा."

त्यांनी लिहिलं, 'बहिणीशी मतभेद'. मी म्हटलं वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. मी म्हटलं, मतभेद नव्हते हो, ती माझ्याशी भांडलीसुद्धा नव्हती, तिला काही ठाऊकच नव्हतं. मी जळत होते तेच लिहा. साहेब म्हणाले, "हा कागद राज्याच्या कार्यालयात जातो, बाई. मोठी माणसं वाचतील." मी म्हटलं, वाचू देत. पुढच्या वेळी कागद छापताना चौकोन तरी ठेवतील. बाईंना हसू आलं. त्यांनी ते खोडलं, वर बारीक अक्षरात माझे शब्द लिहिले, आणि मी सही केली. सावकाश केली, पूर्ण नावाने.

ताई, त्या कागदावर तुझी चूक आहे आणि माझी आहे. कमीजास्त मी केलेलं नाही. तुला याच्यामुळे काय होईल ते मला माहीत नाही. कुणी म्हणतं समज देतील, कुणी म्हणतं बदली, लांब कुठेतरी, जिथे गाडी पोचत नाही आणि पेटी डोक्यावर न्यावी लागते. मला वाईट वाटतंय. आणि तिथल्या बायाही तुला मॅडम मॅडम करतील, याचं पण वाटतंय. दोन्ही एकदम वाटतं, मी काय करू.

बदली झाली तर कुठे झाली ते मला कळव. आईला आधी सांगू नकोस, ह्यांनाही नको. सगळ्यात आधी मला.

तुझी,
धाकटी